सात नंबरचा जॉइंट

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यात काचेचा एक तुकडा आहे. डॉक्टर म्हणतात, इतक्या वर्षांत तो केव्हाच निघून गेला असेल. मी म्हणते, आहे. थंडी पडली की टोचतो. जाडी केसाएवढी, लांबी तिळाएवढी; डोळ्याला दिसत नाही आणि चिमट्याला सापडत नाही. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढली, त्यातून निवृत्तीवेतन, भिंतीवरचं एक घड्याळ आणि हा तुकडा एवढं घरी आलं. त्यातलं घड्याळ पहिल्याच वर्षी बंद पडलं.

मी बसवकल्याणची. आम्ही नुसतं कल्याण म्हणतो; मुंबईकडच्या वाचकांनी गोंधळ करून घेऊ नये. हे कल्याण कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या कुंपणाला लागून. घरात तीन पिढ्या मास्तरकी, त्यामुळे मीही खडू हातात धरणार असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मी मात्र परीक्षा देऊन टेलिफोनात गेले, आणि पुढं बढती घेऊन केबलींची इंजिनिअर झाले. खड्ड्यात उतरणारी बाई म्हणून सुरुवातीला गावोगाव लोक मला बघायला यायचे. मी रागीट आहे, हे त्यांना दोन-तीन दिवसांत कळायचं. मग येणं कमी व्हायचं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमच्याकडं तांब्याच्या तारा जाऊन काचेच्या तारा यायला लागल्या. फायबर म्हणतात ती हीच. एवढ्याशा काचेच्या धाग्यातून उजेड पळतो आणि त्या उजेडावर बसून माणसांचं बोलणं पळतं. धागा उघडा असला तर नुसत्या चिमटीनं मोडतो, म्हणून त्याला आधी रंगाचा लेप, मग जेली भरलेली नळी, मग वरून काळं जाड प्लास्टिक. एका केबलीत असे सहा धागे. केबलीचं रीळ दोन किलोमीटरचं, म्हणून दर दोन किलोमीटरला खड्डा खणून दोन केबलींची टोकं जोडायची. तो झाला जॉइंट. माझं सगळं आयुष्य ह्या जॉइंटांत गेलं.

जोडायचं कसं, तेही सांगते. पुढची सगळी गोष्ट त्यातच आहे. धाग्यावरचा लेप काढायचा. उघडी काच स्पिरिटनं पुसायची, अशी की ती चक्क चुईचुई वाजली पाहिजे. मग कापायच्या यंत्रात धरून टोक सरळ कापायचं. आणि त्यानंतर, हे नीट ऐका, त्या टोकाला कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. दोन टोकं जोडणीच्या मशीनमध्ये समोरासमोर ठेवली की मध्ये वीज कडाडते, काच वितळते आणि दोन धाग्यांचा एक धागा होतो. मशीनच्या चिमुकल्या पडद्यावर आकडा येतो, जोडात किती उजेड सांडला त्याचा. मग त्या नाजूक जागेवर एक बारीक नळी सरकवून तापवायची, म्हणजे आधार मिळतो. ही नळी जोडायच्या आधीच धाग्यात ओवून ठेवावी लागते. पहिल्या महिन्यात मी ती आठ वेळा विसरले. मनासारखा जोड व्हायचा आणि तो नळीसाठी परत तोडायला लागायचा. असं झालं नाही म्हणणारा फायबरवाला मला दाखवा, मी त्याला खोटारडा म्हणेन.

तर कल्याणहून हुलसूरला फायबर टाकायची होती. हुलसूर तेव्हा अगदी साधं गाव, तालुका वगैरे पुष्कळ पुढं झालं. घरटी एक माणूस पुण्याला, हैद्राबादला किंवा सोलापूरला कामाला गेलेला. आणि फोन म्हणजे दोन-चार तारांवर अख्खं गाव. पुण्याचा नंबर मागून माणूस शेतात जाऊन यायचा तरी लागलेला नसायचा. दसऱ्याच्या आत नवीन लाइन सुरू करायची, असा वरून हुकूम आला होता.

वाटेतल्या एका गावच्या पाटलांनी चर खणायला अडवलं. मी नकाशे काढून समजावलं की ह्यातून करंट जात नाही, नुसता उजेड जातो, गुराढोरांना काही होत नाही. पाटील विचारात पडले. मग म्हणाले, आमच्या गावात आठवडा झाला लाइट न्हाई, आणि तुमी उजेड आमच्या रानातून हुलसूरला न्यायलाव. मग देवळापुढं एक दिवा तरी लावून द्या की. तासभर डोकं फोडलं. शेवटी त्यांना उघडा धागा दाखवला, दुसऱ्या टोकाला बॅटरी धरली आणि टाचणीच्या टोकाएवढा ठिपका चमकला. एवढाच व्हय, म्हणाले, आणि चर खणू दिला.

आता बिराप्पा.

बिराप्पा मुडबीचा. जातीनं धनगर, आमच्याकडं तेव्हा वीस वर्षं तांब्याच्या केबलींचा जॉइंटर. वय पन्नाशीला आलेलं, डोक्याला पटका, पायात करकरणाऱ्या वहाणा, घरी बायको शेवंता आणि चाळीस मेंढ्या. तांब्याची शेकडो तारांची केबल फुटली की साहेब लोक नकाशा उलगडेपर्यंत हा खड्ड्यात उतरून तारा जुळवायला लागलेला असायचा. तारांचे रंग न बघता, बोटांनी पीळ देत. नोकरी करता करता चालताना ह्याच्या हातात कायम चाती, म्हणजे धनगरांची लोकर कातायची हातटकळी. खात्यातले लोक हसायचे. तो म्हणायचा, पगार पायाला मिळतो, हात मोकळे हायेत.

फायबर आली आणि बिराप्पाचं तांबं गेलं. वरून पत्र आलं की ज्या जुन्या जॉइंटरांना फायबरचं काम येत नाही, त्यांना गुलबर्ग्याच्या सामानाच्या गोदामात हलवायचं. कलबुर्गी हे नाव पुढं आलं, आम्हाला गुलबर्गाच. मुडबीहून गुलबर्ग्याला रोज जाऊन येणं त्या वयात शक्य नव्हतं. तिथं खोली करून राहायचं तर शेवंता एकटी चाळीस मेंढ्या कशा हिंडवणार? मेंढ्या विकायच्या आणि वीस वर्षं जॉइंटर म्हणून मिरवलेल्या माणसानं गोदामात पोती राखत बसायचं, एवढंच उरलं होतं. आमच्या विभागाचे साहेब म्हैसूरकडचे, शिस्तीचे, पण दुष्ट नव्हते. ते म्हणाले, हुलसूरच्या मार्गावर ह्यानं एक जॉइंट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्यानं, माझ्यासमोर करावा. पास झाला तर राहील. त्याला शिकवायचं काम माझ्याकडं आलं.

मला वाटलं, सोपं आहे. एवढा हात बसलेला माणूस, चार दिवसांत शिकेल. आणि शिकलाही. लेप काढणं, पुसणं, कापणं, सगळं माझ्यापेक्षा हलक्या हातानं. नळी तर एकदाही विसरला नाही, आणि तेवढ्यासाठी मला त्याचा थोडा रागच आला. पण मशीनमध्ये वीज कडाडली की पडद्यावर जोडाच्या मधोमध बुडबुडा. पुन्हा केला, पुन्हा बुडबुडा. मी केला की स्वच्छ, त्यानं केला की बुडबुडा. मशीन तेच, स्पिरिट तेच, धागा तोच.

आठवडाभर हेच चाललं. कल्याणच्या ऑफिसमागच्या शेडमध्ये आम्ही जुन्या केबलीचे तुकडे घेऊन बसायचो आणि काचेच्या चुऱ्याचा डबा भरत जायचा. मी मशीनमधल्या वीज कडाडणाऱ्या दांड्या साफ केल्या, कापायच्या यंत्राचं पातं फिरवलं, स्पिरिटची नवी बाटली फोडली. माझ्या नाकी नऊ आले. तो बिचारा दर वेळी माझ्याकडं बघायचा आणि मी मान हलवायची. एक दिवस माझा तोल गेला. चार गडी समोर बसलेले असताना मी म्हणाले की अण्णा, तुमच्या हातालाच हे जमण्यासारखं नाही, मेंढ्याच राखा तुम्ही.

बोलले आणि जीभ चावली. पण बोललेलं परत घेता येत नाही. बिराप्पानं मशीन बंद केलं. धाग्याचे तुकडे गोळा करून डब्यात टाकले, डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि वहाणा घालून गेला. इतक्या वर्षांत मी कुणाकुणावर ओरडले त्याचा हिशेब नाही, आणि बहुतेकांवर ओरडले ते बरंच केलं. हे एक मात्र नको होतं करायला.

दुसऱ्या दिवशी तो आला, पण शेडमध्ये शिरला नाही. बाहेर लिंबाखाली उभा राहून चाती फिरवत होता. मी माफी मागायला म्हणून गेले आणि नुसतीच उभी राहिले, कारण मास्तरांच्या घरात माफी मागायला कुणी शिकवत नाही. तेवढ्यात त्याचा धागा तुटला. चाती खाली पडायच्या आत त्यानं ती पायावर झेलली, अंगठा आणि बोट ओठाला लावून ओली केली, तुटलेली दोन टोकं एकावर एक धरून हलकेच पीळ दिला. धागा अखंड. हे सगळं होईपर्यंत माझी पापणीसुद्धा लवली नसेल.

मी म्हणाले, "अण्णा, परत तोडा तो धागा."

त्याला वाटलं, मी टिंगल करायलेय. "कामून?" म्हणाला. "कालचं पुरलं न्हाई व्हय?"

मी म्हणाले, तोडा तर. त्यानं तोडला. पुन्हा हात ओठाला, पुन्हा पीळ. मी त्याच्या मनगटाला धरून अक्षरशः ओढत शेडमध्ये नेलं, मशीनपुढं बसवलं आणि एक फायबर जोडा म्हणाले. आठवडाभर मी काय करत होते? तो काम करायचा तेव्हा मी पडद्याकडं बघायची. ह्या वेळी मी त्याच्या हाताकडं बघितलं. लेप काढला, पुसला, काच चुईचुई वाजली, टोक कापलं. आणि कापायच्या यंत्रापासून मशीनपर्यंतच्या त्या वीतभर वाटेत त्याचा अंगठा आणि बोट ओठाला लागून आली आणि काचेच्या टोकावरून हलकेच फिरली.

मी टेबलावर हात आपटून हसायला लागले. त्याला काही कळेना. मी सांगितलं तर पटेना. मी कुठं थुंकी लावायलोय, म्हणाला. मग मी एका गड्याला समोर उभं केलं आणि अण्णांचा हात तोंडाकडं गेला की टाळी वाजव म्हणाले. टाळी वाजली. पुन्हा जोड केला, पुन्हा टाळी. तिसऱ्या टाळीला बिराप्पानं स्वतःच्या हाताकडं असं बघितलं की जणू शेजाऱ्याचा हात आपल्या अंगाला येऊन चिकटलाय. सात-आठ वर्षांचा असल्यापासून तो लोकर कातत होता. त्याच्या घरात तुटलेलं सगळं थुंकी लावून जोडत होते, आणि धागा काचेचा आहे हे हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

"व्हय की," तो हळूच म्हणाला, "समदी चूक थुंकीचीच हाय."

कारण सापडलं म्हणजे सगळं झालं असं मला वाटलं होतं. पण चाळीस वर्षांची सवय अशी जाते होय? त्याचं लक्ष असलं तर हात थांबायचा, पण मग लक्ष हाताकडं गेलं की धागा मोडायचा. लक्ष धाग्याकडं गेलं की हात ओठाकडं. बोटांना औषधाच्या दुकानातली कडू पावडर लावून बघितली. त्यानं तोंड वाकडं केलं आणि बोटं चाटून साफ केली. साहेबांची तारीख तीन दिवसांवर आली. बिराप्पा घरी गेला तो तोंड पाडूनच.

दुसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याच्या गळ्यात शेवंताच्या जुन्या लुगड्याचा एक पट्टा होता. मशीनपुढं बसला, तो पट्टा नाकाखालून घेऊन तोंडावर आवळून बांधला आणि मानेमागं गाठ मारली. नुसते डोळे दिसायला लागले. शेवंताची अक्कल, म्हणाला आतूनच. मळणीत बैल दाणे खातो म्हणून त्याला मुसकं घालतात. मग नवऱ्याला घालायला काय हरकत आहे, असं ती म्हणाली होती. बिराप्पानं टोक कापलं. हात ओठाकडं गेला, कापडावर आपटला आणि चूक केलेल्या पोरासारखा परत आला. वीज कडाडली. पडद्यावर दोन धाग्यांच्या मध्ये काही म्हणजे काही दिसलं नाही. आकडा माझ्या रोजच्या आकड्यापेक्षा कमी.

त्या दिवसापासून तो मला म्याडम म्हणायचा बंद झाला आणि अक्का म्हणायला लागला.

साहेबांच्या दिवशी आम्ही सातव्या खड्ड्याशी तंबू ठोकला. धूळ आत येऊ नये म्हणून फायबरचं काम तंबूतच करतात. साहेब खुर्चीवर बसले. बिराप्पानं तोंड बांधलं. साहेबांनी कानडीत मला विचारलं, ह्याला सर्दी झालीय काय? आता थुंकीची गोष्ट साहेबांना सांगायची कशी? मी तोंडाला येईल ते सांगितलं की श्वासातला दमटपणा आणि धूळ काचेवर बसू नये म्हणून आम्ही ही पद्धत सुरू केली आहे. साहेब माझ्याकडं कौतुकानं बघत राहिले. मग खिशातून डायरी काढून त्यांनी काहीतरी टिपून घेतलं.

बिराप्पानं सहाही धागे जोडले. प्रत्येक वेळी त्याचा हात कापडावर आपटून परत आला, आणि साहेबांना वाटलं असेल की हा नाक पुसतोय. मग त्यानं धागे एका चपट्या ताटलीत गुंडाळून ठेवले, ताटली जॉइंटच्या डब्यात बसवली, डबा सील केला आणि खड्ड्यात रेतीवर ठेवला. पण मशीनचा आकडा हा नुसता अंदाज असतो. खरा निकाल सगळे जॉइंट झाल्यावर कल्याणहून मोजणी केली की कळतो.

ती मोजणी दोन दिवसांनी झाली. कल्याणच्या मशीनरूममध्ये साहेब, मी आणि दाराशी वहाणा काढून मांडी घालून बसलेला बिराप्पा. मोजणीचं यंत्र धाग्याच्या एका टोकातून उजेडाचा ठिपका सोडतं आणि वाटेत कुठं किती उजेड सांडला त्याची रेघ पडद्यावर काढतं. रेघ घसरगुंडीसारखी सरळ उतरत गेली की सगळं ठीक. जिथं जास्त सांडतं तिथं रेघेला पायरी पडते. मोजायला दोन प्रकारचा उजेड वापरतात, कारण एका उजेडाला बारीकसारीक गोष्टी खुपत नाहीत, दुसऱ्याला लगेच खुपतात.

पहिल्या उजेडानं रेघ सरळ. माझा जीव भांड्यात पडला. साहेबांनी दुसरा उजेड लावला आणि रेघेच्या मध्यात एक पायरी दिसली. चांगली ढळढळीत पायरी. साहेबांनी मान न वळवता म्हाताऱ्याचा जॉइंट तो हाच ना, असं विचारलं आणि पेनचं टोपण काढलं.

जॉइंटांची वही माझ्या हातात होती. काही रिळं वाटेत कापून लावली होती, त्यामुळे कुठला नंबर नेमका किती अंतरावर, हे फक्त त्या वहीत होतं. मी पान उघडलं. पायरी आठ किलोमीटरच्या आसपास होती. तो चार नंबर. चार नंबरचा जॉइंट मी केला होता, मी स्वतः, दुपारी जेवणाच्या घाईत. सात नंबर त्याच्या पुष्कळ पुढं होता. मी वहीत बघत राहिले. दहा श्वास, बारा श्वास, माहीत नाही. इंजिनिअर बाईचा जॉइंट नापास आणि धनगराचा पास, ह्याची आता साऱ्या विभागात चर्चा होणार, हे माझ्या डोक्यात आलं. येऊ नये ते आलं. दाराशी बिराप्पा जमिनीकडं बघत बसला होता.

"साहेब, तो माझा जॉइंट आहे," मी म्हणाले. "बिराप्पाचा इथं आहे. जिथं तुम्हाला काहीच दिसत नाही."

साहेबांनी चष्मा पुसला आणि सात नंबरच्या जागेवर बोट ठेवून रेघ मोठी करून बघितली. पुन्हा मोठी केली. तिथं जोड आहे हे वहीवरूनच कळत होतं. साहेबांनी पेनला टोपण लावलं आणि मला म्हणाले की आता तुमचा जॉइंट दुरुस्त करून या.

जीपमध्ये बिराप्पा माझ्या शेजारी बसला होता. मग म्हणाला, "अक्का, वहीत नंबर हुडकायला लई वेळ लागला तुमाला." आणि हसला. मला इतकी लाज वाटली की मीही हसले. त्यावर आम्ही दोघं आयुष्यात पुन्हा कधी बोललो नाही.

चार नंबरचा डबा उघडला. मी सगळं सामान मांडून सहाही जोड नव्यानं करायला निघाले. बिराप्पानं मला थांबवलं. तो ताटलीत वाकून बघत होता, जिथं मी उरलेले धागे गुंडाळून ठेवले होते. एका कोपऱ्यात, जागा पुरेना म्हणून, मी ते जरा दाबून वळवले होते. बिराप्पा म्हणाला, लोकरीची लडी अशी आवळत न्हाईत, आवळली की ती रुसती. त्यानं सवयीनं तोंड बांधलं, सगळे वेढे सोडवले आणि बोटांनी सैल, मोठे, एकसारखे वेढे घालून धागे पुन्हा ताटलीत निजवले. एकही जोड तोडला नाही.

सुट्या फायबरवर बोलायचा एक छोटा संच असतो. तो लावून मी साहेबांना पुन्हा मोजायला सांगितलं. मग साहेबांचा आवाज आला, "एल्लि होयतु? एल्लि होयतु?" म्हणजे कुठं गेली, कुठं गेली. पायरी गेली होती. उजेडाला तीव्र वळण खुपतं, हे मी पुस्तकात वाचून परीक्षेत लिहून आले होते. त्या दिवशी खड्ड्यात बसून मला ते एका मेंढपाळाकडून शिकावं लागलं, आणि खरं सांगते, इतका आनंद मला परीक्षा पास झाल्याचाही झाला नव्हता. मी बिराप्पाच्या पाठीत एक धपाटा घातला. तो तोंडाला बांधलेलं न सोडताच हसत होता.

साहेबांनी त्याच संध्याकाळी गोदामाच्या यादीतलं त्याचं नाव खोडलं आणि फायबरच्या यादीत लिहिलं. शेवंतानं दुसऱ्या दिवशी डबाभर ताकाची कढी पाठवली, मेंढ्या विकाव्या लागल्या नाहीत म्हणून. खंडेनवमीला आम्ही जोडणीच्या मशीनची पूजा केली. बिराप्पा मूठभर भंडारा उधळणार म्हणून मी मशीनचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. भंडारा मशीनऐवजी माझ्या डोक्यावर पडला आणि दोन दिवस केसांतून निघत होता.

दसऱ्याच्या आत हुलसूर सुरू झालं. पहिल्या दिवशी फोनच्या दुकानापुढं रांग. एक म्हातारा पुण्याच्या लेकाशी इतका ओरडून बोलत होता की दुकानदार वैतागला. मी आजोबांना म्हणाले, आता ओरडायचं कारण नाही, हळू बोललं तरी ऐकू जातं. ते माझ्याकडं बघत म्हणाले, पुणं काय जवळ हाय व्हय? आणि पुन्हा ओरडायला लागले. मी बाहेर येऊन बिराप्पाला सांगितलं. ओरडू द्या, म्हणाला, त्याचा लेक दोन वरसानं ऐकायलाय.

तीन-चार महिन्यांनी वरून एक परिपत्रक आलं. फायबर जोडताना प्रत्येक जॉइंटरनं तोंडाला स्वच्छ कापड बांधावं, जेणेकरून श्वासातला दमटपणा काचेवर बसणार नाही. खाली साहेबांची सही. मी ते बिराप्पाला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो हसता हसता खाली बसला, पटका सुटला तरी हसत होता. त्यानंतर कित्येक वर्षं आमच्या भागातले सगळे जॉइंटर मुसकं बांधून काम करत होते, आणि कामून बांधायचं हे फक्त आम्हा चौघांना ठाऊक होतं: आम्ही दोघं, शेवंता आणि टाळ्या वाजवणारा तो गडी.

बिराप्पा माझ्याआधी निवृत्त झाला. निरोपाच्या कार्यक्रमात खात्यानं त्याला शाल आणि घड्याळ दिलं. घड्याळ त्याचंही पुढं बंद पडलं, असं कळलं. कार्यक्रम संपल्यावर त्यानं पिशवीतून एक घोंगडी काढून माझ्या हातात ठेवली. काळीभोर, जड, पांढरी किनार. विणली मुडबीच्या विणकऱ्यानं, पण सूत सगळं बिराप्पानं कातलेलं, इतक्या वर्षांत माझ्याबरोबर खड्ड्याखड्ड्यांवरून हिंडताना.

"अक्का," तो म्हणाला, "ह्यात शेकड्यानं जॉइंट हायेत. समदे थुंकी लावून केलेले. एक तरी हुडकून दावा."

मी चष्मा लावून शोधलं. उन्हात धरून शोधलं. हिवाळ्यात अंगावर घेतली की अजून अंगठा फिरवत बसते, आणि टोचतो तो फक्त माझा तो काचेचा तुकडा. परवा मी मुडबीला फोन लावला. आता मुडबीपर्यंत काच आहे, आवाज असा येतो की शेजारी बसलाय. म्हटलं, अण्णा, हरले बाबा, एकही जॉइंट सापडत नाही.

पलीकडं तो हसायच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा मला ऐकू आला.

"मुसकं बांधून हुडका, अक्का," तो म्हणाला.